ज्याच्या त्याच्या घरचं तिखट

आधी मॅडमचं सांगते. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून नुसतं मॅडम म्हणते. माकुणसारला चिकूच्या वाडीत राहणाऱ्या, पालघरला अकरावी-बारावीच्या मुलांना वाणिज्य शिकवणाऱ्या, आणि रविवारी सालवडला येऊन आम्हाला संगणकावर धंदा कसा करायचा ते शिकवणाऱ्या मॅडम. माझा धाकटा भाऊ आज परभणीकडे आमच्या गावात, मायच्या डोळ्यांपुढे आहे, तो त्यांच्यामुळे. हे पहिल्याच ओळींत सांगून टाकलं, कारण मी बोलताना भरकटते आणि ज्याचं नाव घ्यायचं त्याचंच राहून जातं.

मी नववीतून शाळा सोडली. आठवीपर्यंतची शाळा गावात होती, पुढची शेजारच्या गावी. तिथं जाणारी सकाळची एसटी बंद झाली तेव्हा आबा म्हणाले, बघू पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी मामीला दिवस गेले आणि मदतीला म्हणून मामा मला बोईसरला घेऊन आला. मामीचं बाळ चालायला लागलं, मग शाळेत जाऊ लागलं, मी मात्र बोईसरला लागून असलेल्या सालवडला, मामाच्या खोलीत राहिलेच. अठरा पूर्ण झाल्यावर औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले. बाटलीवर लेबल नीट बसलंय का ते बघायचं आणि पुढं सरकवायचं. मी इतकी घाबरट की तीच बाटली दोनदा फिरवून बघायची. सुपरवायझर म्हणायचे, "बेटा, लाइन मत रोक, सब बढ़िया है." सगळं बढिया आहे हे मला आजही कोणी सांगितलं की आधी काळजीच वाटते.

त्या दिवसांतली काळजी मात्र खरी होती. भाऊ बारावी झाला आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, बोईसर. मामाच्या कारखान्यात लागतो म्हणायचा. आमच्या घरी मिरचीचं कांडप आहे, म्हणजे मिरची-मसाला कुटून द्यायचं यंत्र. उन्हाळ्यात अंगणात बायांची रांग लागते, आणि आषाढापासून यंत्रावर गोणपाट पडतं ते होळीपर्यंत. उरलेलं वर्ष आबा दुसऱ्यांच्या शेतात, आणि भाऊ पारावर. गावातली त्याच्या बरोबरीची पोरं एकेक करून पुण्याला, सुरतेला, वापीला गेली होती. दिवाळीला यायची तेव्हा त्यांच्या पायांत नवे बूट असायचे. त्याला मी काय सांगणार? मायचा फोन यायचा, हळू आवाजात, आबांना ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणायची, "तू गेलीस तवा माझा एक हात गेला. त्याला तरी अडव, बाई."

अडव म्हणणं सोपं असतं. मी भावाला समजावायला गेले की तो एकच विचारायचा, "ताई, तू तिकडं राहतीस ना? मग मला का नको म्हणतीस?" इथली हवा, इथल्या पाण्याचा वास, आठजणांत एक खोली, हे मी कधी घरी सांगितलंच नव्हतं. घरी फोन करताना आपण चांगलंच सांगतो.

मॅडम पहिल्यांदा दिसल्या त्या रिक्षातून उतरताना. दोन्ही खांद्यांना दोन फुगलेल्या पिशव्या. मला वाटलं साड्या विकायला आल्या. मी नळावरून येत होते. त्यांनी काही न विचारता एक पिशवी माझ्या हातात दिली आणि समाजमंदिराकडे चालू लागल्या. पिशवीत कॉलेजनं मोडीत काढलेले लॅपटॉप होते. खोलीत गेल्यावर म्हणाल्या, बस. मी म्हटलं मला जायचंय, पाणी भरायचंय. त्या म्हणाल्या, पाणी भरून ये आणि मग बस. मी खरंच पाणी भरून परत गेले. का गेले ते अजून कळलेलं नाही.

एरवी त्या पुस्तकातलं बोलतात. शिकवताना मात्र मध्येच वाडीची बोली यायची, आणि ती आली की समजायचं, आता मॅडम मनापासून बोलतायत. पहिल्या दिवशी मी बोट कळफलकापर्यंत न्यायची आणि मागं घ्यायची. काही बिघडलं तर भरून कोण देणार, एवढंच डोक्यात. त्या माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"बटन हाय ते, विंचू नाय. दाब."

दाबलं. काही झालं नाही, म्हणजे पडद्यावर एक 'क' उमटला. माझ्या हातून छापल्यासारखं अक्षर उमटलं याचं मला इतकं अप्रूप वाटलं की मी ओळभर नुसते 'क'च काढले. शेजारची विदर्भातली बाई म्हणाली, हिला कावळा लिहायचाय बहुतेक, उडून गेला. खोली हसली. त्या खोलीत आम्ही खूप हसायचो. आता आठवतं ते तेच जास्त. पंख्याचा खडखडाट, बाहेर क्रिकेट, चार्जरच्या वायरींत अडकणारे पाय, आणि मॅडमनी वाडीतून आणलेले चिकू. चिकू खाल्ल्यावर हात धुतल्याशिवाय लॅपटॉपला कोणी शिवायचं नाही हा एकच कडक नियम होता.

वर्ग त्यांनी का काढला ते त्यांनी हळूहळू सांगितलं. इतकी वर्षं त्या मुलांना चिटणीसाची कार्यपद्धती शिकवत होत्या. मुलं कंपनीच्या सभेची सूचना कशी लिहायची ते पाठ करून पास व्हायची आणि निकालाच्या दुसऱ्या महिन्यात गाव सोडायची. बिल कसं काढायचं, गिऱ्हाईक फोनवर कसं शोधायचं, माल लांब कसा पाठवायचा, हे कोणाला येत नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतः सुट्टीत जाऊन शिकून घेतलं आणि माकुणसारला आपल्याच पडवीत वर्ग सुरू केला. वाडीतल्या मुलांनी वाडीतला माल स्वतः विकावा, गाव सोडू नये, एवढा हेतू. मुलं आली नाहीत. कोणाची परदेशाची परीक्षा होती, कोणाचं मुंबईत ठरलं होतं. त्यांचा स्वतःचा मुलगाही त्याच वर्षी परदेशी गेला. मग त्यांनी लॅपटॉप पिशवीत भरले आणि इकडे आल्या. हे सांगून झाल्यावर त्या म्हणायच्या, "ज्यांनी जाऊ नये म्हनून काढला ते आले नाय, आणि तुमी आलात, जे आधीच घर सोडून बसलेत. आता तुमालाच शिकवते." यात रुसवा नसायचा. पण त्या ते पुन्हा पुन्हा सांगायच्या.

पावसाळा संपताना त्यांनी प्रत्येकाला काम दिलं. आपल्या गावची एक वस्तू निवडायची आणि फोनवर तिचं दुकान मांडायचं. फोटो काढायचा, दोन ओळी लिहायच्या, भाव लिहायचा, पैसे घ्यायला स्कॅनची चौकट लावायची, आणि एक तरी ऑर्डर खरोखर पोचवून दाखवायची. विदर्भातल्या बाईनं मोहाचे लाडू मांडले, एका मुलानं बापाच्या हातच्या टोपल्या. मी काळा मसाला मांडला. आबांनी दिवाळीसाठी पाठवलेला डबा होता, त्यातला मसाला मामीच्या पितळी वाटीत काढला, खिडकीत ठेवून फोटो घेतला. खाली लिहिलं, 'मराठवाड्याचा काळा मसाला, गावच्या कांडपावरचा.' हे लिहायला माझा सगळा रविवार गेला. मॅडमनी एक काना दुरुस्त केला आणि म्हणाल्या, छान.

सालवडला आमच्याकडची माणसं पुष्कळ. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर. त्यांच्या बायकांना इथला तयार मसाला चालत नाही. गावाहून कोणी आलं तर पिशवीतून येतो तेवढाच. त्यामुळं माझं पान एकीनं दुसरीला पाठवलं, दुसरीनं तिच्या जावेला कल्याणला, आणि आठवड्यात इतक्या ऑर्डरी आल्या की मी त्या मोजायचं सोडून दिलं. मी सगळ्या भावाला पाठवून दिल्या. त्याला म्हटलं, यंत्रावरचं गोणपाट काढ.

आणि मग काहीच येईना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. भाऊ म्हणायचा, चालू आहे. समोरच्या खोलीतली काकू रोज नळावर विचारायची. एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाली, "तुझा भाऊ मसाला कांडतोय का पेरतोय?" मी त्या दिवसापासून पाणी भरायला पहाटे जाऊ लागले.

झालं होतं असं. आमच्या कांडपावर एक रीत आहे, तिथल्या सगळ्याच कांडपांवर असेल. बाई स्वतःची मिरची, स्वतःचे धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, सगळं आपल्या हातानं भाजून आणते. ती यंत्राजवळ उभी राहते आणि आपल्यापुढं कांडून घेते. एकीचं झालं की आबा मूठभर खडेमीठ कांडून घेतात, फडक्यानं सगळं पुसतात, आणि मगच दुसरीचं घालतात. एका घरचं तिखट दुसऱ्या घरात जाता कामा नये. आता माझ्या ऑर्डरी आल्या, पण बाया आल्या नाहीत. आबांना आणि भावाला हे समजेचना की कोणाच्या तरी घरचा मसाला त्या घराला न विचारता कांडायचा कसा. म्हणून भाऊ प्रत्येकीला फोन लावत होता. मावशी, तुमच्यात खोबरं किती घालतात? तीळ भाजून का कच्चे? आणि बाया तरी, घर सोडून इतकी वर्षं झालेल्या, असं कोणी विचारलं की थांबतात होय? आईचा हात, सासूचा हात, लग्नातली येसराची आमटी, सगळं निघायचं. एकेका फोनला घंटा जायचा. मग माय त्या त्या बाईसारखं भाजायची, आबा एकेक घर वेगळं कांडायचे, मधे मीठ, मधे फडकं.

हे मला कळलं तेव्हा मी भावाला म्हटलं, अरे सगळ्याचं एकच कर, एकदाच कांड आणि पाठवून दे, पानावर एकच वाटी आहे ना. फोन आबांच्या हातात गेला. आबा सहसा चढ्या आवाजात बोलत नाहीत. तेव्हाही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या घरचं तिखट मी कोणाच्या ताटात वाढणार नाही." आणि मग भावानं फोन घेतला आणि एका दमात सांगून टाकलं, की हा तुमच्या फोनवरचा धंदा तुम्हालाच लखलाभ, बाया तिकडून शिव्या देतात, आबा इकडून डोळे वटारतात, मी मामाशी बोललोय, सोमवारच्या गाडीनं निघतोय. मागं माय भाजतच राहिली, उलथनं ऐकू येत होतं. ती रडली असती तर बरं वाटलं असतं.

तो शनिवार होता. रविवारी मी वर्गात गेले ते रडायच्या बेतानंच. मॅडमना सांगितलं की माझी वस्तू चुकली, मी पान बंद करते, आणि भाऊही निघालाय. त्यांनी चष्मा काढला. सगळं ऐकून घेतलं. मग काकूला बोलावून आणायला सांगितलं, तीच, नळावरची. काकू पदराला हात पुसत आली, भांडायच्या तयारीनं. तिचा मसाला नुकताच आदल्या दिवशी पोचला होता.

मॅडमनी विचारलं, "मसाला कसा हाय?"

काकूनं पदर खोचला. मग म्हणाली की उशीर लई केला. मॅडम म्हणाल्या, ते माहीत आहे, मसाला कसा आहे? काकू खाली बघत म्हणाली, तिच्या आईच्या हातचा आहे. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. काल वरणाला फोडणी दिली आणि नवरा जेवता जेवता थांबला. आणि मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "मी कोणाला वाटीभर बी देणार नाही, आधीच सांगते."

मॅडम हसल्या. मला म्हणाल्या, "चूक कांडन्यात नाय, चूक तुझ्या पानावर हाय. तू एक वाटी दाखवलीस, ते लोक घराघराचा मसाला करतात. मंग तेच लिही की." लगेच मला बसवलं. फोटो तोच ठेवला, खालचं सगळं पुसलं. नवीन लिहिलं, की तुमच्या घरी जसा करतात तसा करून देऊ, आणि त्याला वेळ लागतो. ऑर्डर देणाऱ्यानं मिरची, खोबरं आणि भाजणं याबद्दल आपल्या आवाजात बोलून पाठवायचं, म्हणजे भावाला फोन करत बसायला नको, रात्री जेवून झाल्यावर एकदम ऐकता येतील. प्रत्येक घराचं माप एका तक्त्यात राहील, म्हणजे पुढच्या वेळी विचारायलाही नको. मी टाइप करत होते आणि माझ्या डोक्यात फक्त सोमवारची गाडी होती. ते त्यांना दिसलं असावं. त्या म्हणाल्या, भावाला फोन लाव, आवाज मोठा कर.

मला वाटलं त्या समजावतील, गाव सोडू नको वगैरे. तसलं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "ये रे बाबा, खुशाल ये. मी स्वतः स्टेशनावर न्यायला येते. पन ज्यांचं काम घेतलंस त्यांचं कांडून दे आणि मंग ये. घेतलेलं टाकून येनाऱ्याला इथं कंपनीत पन कोन ठेवत नाय."

भावानं विचारलं, "किती राहिल्यात ताई?" मी सांगितलं. तो म्हणाला, मग पुढच्या सोमवारी येतो.

पुढच्या सोमवारी आला नाही, कारण कल्याणच्या त्या जावेनं सोसायटीतल्या पाचसहाजणींची तोंडं उघडली होती, म्हणजे आवाज पाठवले होते. तो म्हणाला, एवढं उरकून येतो. मग संक्रांत आली. मग मिरचीचा हंगाम लागला, आणि हंगामात कांडप सोडून कोण जातं? राहतो असं तो मला कधीच म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. विचारलं आणि तो निघाला तर, ही भीती. पण मायचे फोन कमी झाले. आता ती फोन करते ते बायांच्या तक्रारी सांगायला, की अमकीला तिळात खवट वास आला, तमकीची भाजणी फारच विचित्र आहे, यांच्यात असं खातात तरी कसं.

सगळं गोड झालं असं नाही. पावसात पार्सल भिजतं, कधी आठवडाभर एक ऑर्डर नसते, आणि पारावरच्या पोरांपैकी दोघंच आता भावाबरोबर आहेत, बाकीची गेलीच. मी अजून सालवडलाच. लेबलांच्या लाइनीवरून माल पाठवायच्या खात्यात बसले, तिथं संगणक आहे आणि मी बटण दाबायला घाबरत नाही. पाठवायच्या आधी तीनदा वाचते, तेवढं राहिलंय.

वर्ग मात्र संपला. मॅडमचे गुडघे बोलू लागले, पिशव्या उचलवेनात. शेवटच्या रविवारी त्यांनी सगळ्यांच्या देखत माझ्या पानावर ऑर्डर दिली. सासूबाई करत तो वाडीचा मसाला, तोंडी सगळं सांगून, आमच्यासारखाच फोनमध्ये बोलून. आबांनी त्यातल्या दोन गोष्टी जन्मात पाहिल्या नव्हत्या. मसाला आला तेव्हा मी स्वतः माकुणसारला घेऊन गेले. पडवीत झोपाळ्यावर बसून त्यांनी पुडी फोडली, चिमूट जिभेवर ठेवली, बराच वेळ डोळे मिटून बसल्या.

"सासूबाईंचा नाय झाला," म्हणाल्या. "पन वाटेला लागला."

अर्धी पुडी त्यांनी मुलासाठी काढून ठेवली. तो दोन वर्षं आलेला नाही. वाडी आता मक्त्यानं दिली आहे. गेल्या महिन्यात गेले तेव्हा शेजारच्या घरातली मुलगी बाहेरदेशी जायच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन पायरीवर बसली होती, आणि तिची आई आतून माझ्याकडे बघत होती. ती नजर मला मायच्या हळू आवाजातल्या फोनसारखी वाटली, म्हणून मी जास्त वेळ थांबले नाही.

मॅडम, तुम्ही माझ्या मायजवळ तिचा मुलगा राहू दिलात. हे पैशानं फिटणारं नाही, आणि तुम्ही घेणारही नाही. पण शिकवलेलं सगळं माझ्याकडे आहे. मला चारचौघांत बोलताना अजून घाम फुटतो, आणि तुमच्या गावची मुलं माझं ऐकतील का ते ठाऊक नाही. तरी एक दिवस मी तुमच्या पडवीत येऊन बसेन आणि त्यांना शिकवेन, जेवढी येतील तेवढ्यांना. आणि तुमच्या माकुणसारचं एक तरी पोर त्याच्या आईजवळ राहील असं करून दाखवेन. तेवढं होईपर्यंत गुडघ्यांना तेल लावत जा, आणि माझी वाट बघा.